हेल्मेटवाली खाला

झाडांना पाणी घालायला निघाली की खाला डोक्यावर हेल्मेट चढवायची. मोटारसायकलवर घालतात तेच, काळं, काचेवर ओरखडे पडलेलं. पायात वारलेल्या नवऱ्याचे गमबूट, एका हातात पाईप आणि दुसऱ्या हातात गॅरेजमधला जाडजूड पाना. परसाच्या दारात उभी राहून ती त्या पान्यानं तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठणठण वाजवायची आणि मोठ्यानं सांगायची, "मी येऊन राह्यली बाप्पा! ज्याले बाजूले व्हाचं त्यानं होऊन घ्या. मंग म्हनू नका, सांगतलं नाई." एवढं बोलून थोडा वेळ थांबायची. आतल्या मंडळींना आवरायला वेळ द्यायला हवा, असं तिचं म्हणणं होतं.

समोरचा किराणा दुकानदार रोज विचारायचा, "काय खाला, पेट्रोल टाकलं का गाडीत?"

खाला हेल्मेटची काच वर करायची. "हास, हास. तुह्या गुळाच्या पोत्यामांगचा उंदीर माह्या वाडीत येते. अन् त्याच्या मांगं कोन येते ते मले इचार!"

मी घाटंजीला कॉलेजात शिकत असताना तिच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी. त्यांनी मला इथं ठेवलं ते एका अटीवर. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, कापसाच्या वावरात साप चावून गेला होता. तेव्हापासून आमच्या घरी सापाचं नाव कुणी उच्चारत नाही, जनावर म्हणतात. खोली पाहायला आले तेव्हा उन्हाळा होता आणि परस वाळून गेलेलं होतं. तरी बाबांनी विचारलंच, "अठी जनावर निघते का?" खालाचा भाचा गॅरेज सांभाळायचा. तो झटकन म्हणाला, "छे, काही नाई निघत." खाला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. जाताना बाबा मला म्हणाले, "दिसलं का सांगजो. त्याच दिवशी घरी." घरी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आत्यानं माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं.

पहिला पाऊस होऊन दोन आठवडे झाले आणि परसात जनावर दिसलं. हातभर नव्हे, चांगली पुरुषभर लांबीची धामण. मी खोलीचं दार लावून बसले. भीती धामणीची होती, पण तिच्याहून जास्त बाबांची होती. खाला बाहेरच्या टेबलावर चढून ओरडत होती, "साहेब राउंडवर निघाले वो! या अल्ला, साहेब निघाले!" ती तिला साहेब म्हणायची. साहेब गेल्यावर खाली उतरून तिनं माझं दार वाजवलं. मी रडत तिला बाबांची अट सांगितली. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आता तं मले दोन भेव झाले. एक साहेबाचं, एक तुह्या बाबाचं."

इतकं उघड घाबरणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आपण भूक लागली म्हणतो तसं ती "भेव लागते मले" म्हणायची. पालीचं, विजेचं, फटाक्यांचं, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनचं. आमच्याकडे भीती गिळून टाकायची पद्धत. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला माझं नाव पुकारतील याची मला भीती वाटायची, पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. खालाकडे संध्याकाळी तांदूळ निवडताना तो कार्यक्रमच असायचा. "सांग, आज कायचं भेव वाटलं? माह्यं आधी सांगतो. नळावर दोन कुत्रे होते." मग माझी पाळी. मी सांगायची, सरांनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत होतं तरी तोंड उघडलं नाही. ती कधी "घाबरू नको" म्हणाली नाही. "बरोबर हाय, मोठा मानूस इचारते तं भेव लागतेच," म्हणायची आणि पुढचा खडा उचलायची. दुसऱ्या वर्षी मी वर्गात उत्तरं देऊ लागले. भीती गेली नव्हती, पण तोंड उघडायचं.

मग एवढ्या भित्र्या बाईनं असलं परस का ठेवलं होतं? तिचा नवरा ट्रकचा मिस्त्री. दूरदूरचे ड्रायव्हर त्याच्याकडे गाडी लावायचे आणि पुढच्या खेपेला येताना त्याच्यासाठी एखादं रोप आणायचे, कारण त्याला झाडांचं वेड होतं. तो गेल्यावरही ड्रायव्हर थांबले नाहीत. कुणी आदिलाबादहून, कुणी रायपूरहून, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी खालाच्या हातात ठेवायचे. तिला झाडांची नावं येत नव्हती, म्हणून ती गावावरून हाक मारायची. "रायपूरवालीले कळी आली." "आदिलाबादवाला रुसला वाट्टे." बॅटरीच्या खोक्यात, फाटक्या टायरात, ट्रॅक्टरच्या मडगार्डात ही सगळी पाहुणेमंडळी वाढत होती. कळलावी होती, दगडासारखी दिसणारी जाड पानं होती, उंच दांड्यावर एकच भलं मोठं पान काढणारा एक कंद होता. त्या कंदाला उन्हाळ्यात फूल यायचं तेव्हा मेलेल्या उंदरासारखा वास सुटायचा आणि दुकानदार नाकाला रुमाल लावून यायचा, "खाला, कोन मेलं वो?"

"अजून कोनी नाई. तुह्याच वाटेकडे पाहून राह्यली."

तिला सगळ्यांत प्यारी होती रायपूरवाली. माझ्या पुस्तकात तिचं नाव बदकवेल असं सापडलं. फुलाचा आकार थेट पोहणाऱ्या बदकासारखा. त्या फुलात बारकी माशी शिरते आणि आतल्या केसांमुळे तिला बाहेर येता येत नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा खालाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मरते का आत?" नाही, दुसऱ्या दिवशी केस वाळतात आणि माशी परागकण अंगावर घेऊन सुटते, असं मी सांगितलं. तिला पटेना. तिनं एका फुलाला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्मेट घालून त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली. मी कॉलेजहून परतले तरी तिथंच. मला पाहताच ओरडली, "निंघाली! पिवळीजर्द होऊन निंघाली! अन् बावळी पोरगी परत बाजूच्या फुलात घुसली!" त्याच वेलीवर काळ्या, काटेरी अळ्या असायच्या. त्यांना पाहून तिच्या अंगावर शहारे यायचे. तरी तिनं एकही मारली नाही. "खाऊ दे. फक्त माह्याकडे पाहू नको म्हना."

मी एकदा विचारलं, "खाला, एवढं भेव लागते तं हे सारं काढून काहून नाई टाकत?"

तिनं पाईप टायरातल्या रोपाकडे वळवला. मग म्हणाली, "झाड असलं का कोनी ना कोनी येते, बेटा. पाखरू येते, बेडूक येते, साहेब येते. येते तं मले भेव लागते. पन नाई आलं कोनी, तं जास्त लागते."

बाबा आले ते पहिल्याच वर्षी, पोळा झाल्यावर. न कळवता आले. पाठीवर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं होतं. परस तेव्हा इतकं माजलेलं होतं की ओसरीच्या जाळीवरून वेली घरात डोकावत होत्या. "जयभीम, बाई," बाबा म्हणाले. "सलाम भाऊ, बसा बसा," म्हणत खालानं त्यांना नेमकी जाळीजवळची खुर्ची दिली. चहा झाला. बाबा पावसाचं बोलत होते, कपाशीला बोंडं बरी लागल्याचं बोलत होते. आणि त्यांच्या मागच्या जाळीवर, खांद्यापासून हातभर अंतरावर, बदकवेलीतून धामणीचं तोंड हळूहळू बाहेर आलं.

मी पाहिलं. खालानंही पाहिलं. तिनं हातातली कपबशी खाली ठेवली. मी तिच्याकडे पाहून डोळ्यांनीच हात जोडले. एरवी ती एव्हाना टेबलावर चढून मोहल्ला गोळा करायची. आज ती खुर्चीवरून हलली नाही. ओढणी तोंडात कोंबली, कपाळावर घाम फुटला, पण बसून राहिली. बाबांनी विचारलं, "पोरगी अभ्यास करते ना, बाई?"

"करते भाऊ. लय करते." आवाज उंदरासारखा.

"तब्येत बरी नाई का तुमची?"

धामणीचं अंग जाळीवर सरकत होतं. संपतच नव्हतं. एवढा वेळ गेला की झालं, मी मनात म्हणत होते, ती जाईल, बाबांना कळणार नाही, आणि माझं वर्ष वाचेल. तेवढ्यात बाबांनी आळस द्यायला हात वर उचलला, थेट जाळीच्या दिशेनं.

"हात खाली घ्या भाऊ!" खाला किंचाळली. "तुमच्या मांगं धामन हाय. हलू नका. जाऊन राह्यली ते. हलू नका फक्त."

बाबा लाकडासारखे झाले. मागं वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. धामण टायरांच्या ढिगात उतरून दिसेनाशी झाली. मग खालाला रडू फुटलं.

"भाऊ, ते नेहमीच येते. भाचा खोटं बोलला, मी गप राह्यली. मलेही लय भेव लागते, कसम से. पन पोरीले नका नेऊ. तिले वाडीत एकटं नाई सोडत मी. संडास मांगं हाय ना, तं सकाळी पोरगी उठ्याच्या आधी मी जातो. टोपा घालून जातो, बत्ती मारून कोपरा न् कोपरा पाहतो, मंग येऊन निजल्यावानी पडून राह्यतो. रोज."

हे मला माहीत नव्हतं. मी उठायची तेव्हा ती पांघरुणात असायची आणि मी तिला आळशी म्हणून चिडवायची.

बाबा खुर्चीवरून उठले. मी सामान भरायला उठले, कारण मला वाटलं संपलं सगळं. तेव्हा बाबा बोलले, माझ्याशी नाही, खालाशी.

"माह्या भावाले तिसऱ्या पहारी मालकानं वावराच्या कडेले, धुऱ्याच्या गवतात धाडलं. तो म्हने, जनावर दिसलं अठी. मालक म्हने, काही नाई होत, जाय." बाबांनी टायरांच्या ढिगाकडे पाहिलं. "मालकाले भेव नोतं, बाई. धाडनाऱ्याले भेव नोतं. मी हिले न्याले आलतो. खरं सांगतो, हिच्या आत्यानं स्थळाचा निरोप देल्ला होता. पन ज्याले भेव लागते, त्याच्यापाशीच पोरगी ठेवाव."

शेंगांचं पोतं तिथंच ठेवून ते दुपारच्या गाडीनं एकटेच परत गेले. खाला दारात उभी राहून त्यांना सांगत होती, "गाडीत खिडकीपाशी बसू नका भाऊ, फांदी लागते!"

मी पदवीधर झाले. आता यवतमाळला एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा हिवाळ्यात भाच्याचा फोन आला, खाला सकाळी गेली. झोपेतच. मी पोहोचले तेव्हा बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं ओढलं होतं आणि तो पायरीवर डोकं धरून बसला होता. मयत उठली. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी दारातच राहिले. पाहिलं तर शेवटच्या रांगेत, डोक्याला दुपट्टा बांधलेले बाबा. त्यांना कुणी कळवलं, मला आजही माहीत नाही. ते याआधी कधी कब्रस्तानात गेलेले नव्हते. खांदा बदलताना एकानं त्यांना पुढं घेतलं आणि ते गर्दीत मिसळून गेले.

बाबा परत आले तेव्हा ऊन कललं होतं. हात मातीनं भरलेले होते. मी लोटा पुढं केला, पण त्यांनी तो घेतला नाही. ओसरीच्या पायरीवर माझ्याजवळ बसले.

"तीन मुठी माती टाकतात त्याहीच्यात," ते म्हणाले. "तुह्या वाटच्याही टाकल्या."

मी मान हलवली. ते आपल्या हातांकडे पाहत होते.

"खड्डा लय खोल होता, पोरी. मले भेव लागलं."