जैतुनबीनं निवडलेलं गाव

पडदा वर जातो तेव्हा समोर आणखी एक पडदा असतो. जुन्या चादरीचा, दोन खिळ्यांना सुतळी बांधून टांगलेला. त्याच्या अलीकडं हिमरूचा, म्हणजे रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाचा माग, जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले दोन भाऊ. पलीकडं त्यांची आई, जैतुनबी. ती दिसत नाही. दारातून ऊन येतं आणि तिची सावली तेवढी चादरीवर हलते.

औरंगाबादेतल्या नवाबपुऱ्यातलं हे घर. निजामाचा अमल होता. आमची नाटक कंपनी नुकतीच मोडली होती आणि मी त्याच गल्लीत खोली घेऊन राहत होतो. त्या दिवशी वजीरमियाँचा चाळिसावा होता. वजीरमियाँ म्हणजे जैतुनबीचा नवरा, त्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते. माझा भरजरी शेला त्याच्याच मागावरचा. रंगमंचावर मी राणी दिसायचो ती निम्मी त्या शेल्यामुळं. त्या नात्यानं मुलांनी मला मधे बसवलं होतं. नवरा गेला की चार महिन्यांहून थोडा जास्त काळ बाईनं घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, ही त्यांच्यातली इद्दत. म्हणून ती चादर.

थोरला गयास कुर्ल्याला राहायचा आणि तिथून रोज आगगाडीनं मुंबईला गिरणीत जायचा. धाकटा हबीब सुक्या मासळीच्या एका व्यापाऱ्याबरोबर कोकणात गेला, तो जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीतच राहिला. तिथं मासे धरणाऱ्या एका मुसलमान घरात तो घरजावई झाला होता. नवाबपुऱ्यातलं घर चांदपाशा कारखानदाराला विकायचं ठरलं होतं. इद्दत संपली की ताबा. राहता राहिली आई.

आपसात ते दखनीत बोलत, माझ्यासाठी मराठीवर आले.

"अम्मी, तूच ठरव," गयास म्हणाला. "कुर्ला का राजपुरी. आमची जबरदस्ती नाय."

"व्हय. तुझी मर्जी," हबीब म्हणाला.

ऐकायला किती गोड! पण माझा जन्म दुसऱ्यांचे संवाद ऐकण्यात गेला आहे. गयास बोलत होता आईशी आणि बघत होता हबीबकडं.

"पर खरं काय ते सांगतो," गयासनं सुरुवात केली. "खोली एवढीशी, पाय लांब केले तर चुलीला लागत्यात. मी अंधारात जातो, अंधारात येतो. पोरं मला वळखत नायत. गुलशन दिवसभर खालून पाणी चढवती अन् रात्री माझ्या नावानं बोटं मोडती."

"भाई, तुझी बायको तुझ्या घरात तरी हाय," हबीब म्हणाला. "मी सासऱ्याच्या पडवीत निजतो. अन् वास. वाऱ्याला मासळीचा वास, भाकरीला वास, पाण्याला वास. अम्मीला तर बाजारातली टोपली बघून उलटी येती."

"वासाची सवय होती. आमच्या जिन्यावरून एक म्हातारी पडली. दोन दिवस कण्हली अन् गेली."

"जिना कुणाला पाडायला येत नाय. दर्या येतो. पावसाळ्यात पार उंबऱ्याला लागतो. मागल्या साली होडी उलटली, घटकाभर मी पाण्यात होतो."

"पर वाचलास ना? आमच्याकडं माणूस गिरणीत गेलं की परत येईल का नाय..."

"आमच्याकडं मेल्यावर बी सुख नाय, भाई. कबरीला पाणी लागतं."

दोघं भाऊ आपापलं घर असं काळं करत चालले होते. दोघांच्या मनात एकच, आईनं दुसऱ्याचं नाव घ्यावं. आणि चादरीमागून हुंदका आला.

"हबीब, बेटा," जैतुनबी म्हणाली, "एवढं सोसलं अन् मला कळवलं नाय? गयासजवळ त्याची बायको हाय, हक्काची खोली हाय. तू तर लोकाच्या पडवीत. मी तुझ्याकडंच येते."

नाटक संपल्यावर आम्ही खोबरेल चोपडून तोंडावरचा रंग पुसायचो. हबीबचा चेहरा तसा झाला. गयासनं लगेच टोपी सारखी केली.

"अम्मी बोलली, विषय मिटला. मास्तर, तुमी साक्षीदार हायसा."

इद्दत संपली की हबीबनं न्यायला यायचं ठरलं आणि मुलं गेली. चार दिवसांनी मी विचारपूस करायला गेलो, तर चादरीखालून हात बाहेर आला.

"मास्तर, शहागंजातून मूठभर सुकट आणून द्याल?"

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सुकट कशाला, भाभी?"

"सुनेच्या घरात नाकाला पदर लावून बसले तर माझ्या हबीबला खाली बघावं लागंल. आत्तापासून शिकते."

पहिल्या दिवशी तिनं पुडी उघडली आणि तिला भडभडून उलटी झाली. मी बाहेर बसून ऐकत होतो. मग ती पुडी उशाखाली घेऊन निजायला लागली. मग भाजून भाकरीत दोन दाणे. मग चार. शेजारची सगीरा, तिला खाला म्हणजे मावशी म्हणणारी, जेवण द्यायला यायची, ती भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशी बोलायची.

"खाला, अल्लानं तुमाला माणूस केलं, तुमी मांजर व्हायला निघाल्यात."

"मांजराला तरी नेत्याल ना संगं," जैतुनबी हसत म्हणायची.

"मांजराला कोण नेतं? पोतं तोंडाशी बांधून सोडून येत्यात."

गल्ली हसायची. जैतुनबीही हसायची.

इद्दत संपली आणि चादर खाली आली. गालांची हाडं वर आलेली, पण चेहरा लग्नघराला निघालेल्या बाईसारखा. लांबच्या प्रवासाला निघणारानं दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ' म्हणायचं, बोलल्या-चालल्याची माफी मागून निरोप घ्यायचा, ही त्यांची रीत. ती एकेका दाराशी गेली. हंडा एका घरी दिला, कढई सगीराला. सगीरानं तिच्या दंडावर इमाम जामिन बांधला, कापडात गुंडाळलेला निजामाचा एक हाली रुपया. सुखरूप पोचलं की तो सोडायचा आणि गरिबाला द्यायचा. टांगा दारात आला. बोचकं टांग्यात चढलं.

हबीब आला नाही. दिवे लागल्यावर टांगेवाल्यानं बोचकं उतरवून ठेवलं.

मी दोघांनाही पत्रं टाकली. हबीबनं कळवलं, दर्या खवळलाय, शिवाय थोरल्याचा हक्क पहिला, भाई नेईल. गयासनं कळवलं, अम्मीनं माझ्यासमोर हबीबला निवडलं, आता मी नेलं तर तिचा शब्द मोडल्यासारखं होईल. दोन्ही पत्रं मी तिला वाचून दाखवली. तिनं हबीबचं पुन्हा वाचायला लावलं.

"दर्या खवळलाय म्हणतो ना? मग बरोबर हाय. तशात कसा येणार लेकरू?"

चांदपाशानं ताबा घेतला. मागावर त्याची माणसं बसली. त्यानं तिला ओसरीत पडू दिलं, तेवढं त्याचं मोठेपण. फक्त रोज सकाळी येता-येता विचारायचा, "खाला, अजून गाडी मिळाली नाय?" विणकर हसायचे. सगीराच्या घरातून जैतुनबीनं दिलेल्या कढईतल्या फोडणीचा वास यायचा. निरोप घेतलेल्या दाराशी परत वाटी मागायला जाणं तिला जमलं नाही, आणि सगीरानं आपणहून कढई आणली नाही. मी म्हटलं, माझ्या खोलीत चला. ती म्हणाली, हबीब इथं येणार, मी जागेवर नको का? म्हणून मी रोज तिथंच भाकरी न्यायचो, आणि वर चिमूटभर भाजलेली सुकट. आता ती सगळी खायची, बोटं चाटून. दंडावरची गाठ तिनं कुणाला सोडू दिली नाही.

थंडीत तिला ताप भरला आणि ती गेली. मुलं आली नाहीत. वजीरमियाँच्या शेजारी तिला माती दिली. न्हाऊ घालताना सगीरानं इमाम जामिन सोडला. मग तो रुपया गरिबाला द्यावा का, यावर दारात वाद झाला. काहींचं म्हणणं, बाई पोचलीच कुठं? शेवटी तो सगीरानं ठेवून घेतला.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी हकिमाच्या सांगण्यावरून नुसती तांदळाची पातळ कण्हेरी नेली होती. जैतुनबीनं वाटी नाकाशी धरली, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"आज सुकट नाय टाकली, मास्तर? सवय मोडंल ना माझी."