लोखंड कमी असलेला तारा

१९५६ साली हैदराबाद राज्य भाषेवार तुटून त्याच्या कचेऱ्यांची वाटणी सुरू झाली, तेव्हा कुसुमताईंना हैदराबाद शहरातल्या वेधशाळेत ताऱ्यांच्या प्रकाशचित्रांच्या काचा मोजताना बारा वर्षं झाली होती. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून जाऊन काचेवर पट्टा उमटे. त्यातल्या रेघांवरून ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळे. नवरा गेल्यावर याच कामावर त्यांनी प्रमिलाला वाढवलं होतं. ती आता शहरातल्याच जामबागच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

मराठी नोकरदारांपैकी कोणाला इथे ठेवायचं, त्याच्या शिफारशी वेधशाळेचे प्रमुख एकनाथराव त्या आठवड्यात लिहिणार होते. नाव गळलं तर बदली मराठवाड्यात, जिंतूरच्या कचेरीत. तिथे कॉलेज नव्हतं, आणि पोरीला मागे ठेवावं असं इथे कोणी नातलग उरलं नव्हतं.

अशात शुक्रवारी एका परदेशी नियतकालिकातलं टिपण वाचून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. आरंभीच्या ताऱ्यांत हायड्रोजन-हेलियमखेरीज फारसं काही नसावं. लोखंड ताऱ्यांच्याच पोटात शिजलं, ते फुटल्यावर पुढच्या पिढ्यांना मिळालं. म्हणजे लोखंड जितकं कमी, तितका तारा जुना.

मार्चमधल्या एका काचेवर लोखंडाच्या रेघा अगदी फिकट होत्या. प्रकाश कमी पडला असं समजून त्यांनी शेरा मारला होता, ‘खराब’. खराब काचा धुऊन पुन्हा वापरत; मारलेला शेरा फक्त प्रमुखांना खोडता येई.

त्या धावत धुण्याच्या खोलीत गेल्या. काच अजून चळतीत होती. उजेडासमोर धरली, तर हायड्रोजनच्या रेघा ठळक. काच बिघडलेली असती तर त्याही फिकटच दिसत्या; म्हणजे ताऱ्यातच लोखंड कमी होतं.

“हौ बाई, उद्या धुणारच होतो,” काचा धुणारा उमाजी म्हणाला. “अख्खं राज्य फुटायलंय, तुम्ही एका काचेला काय जपता?”

कुसुमताई ती काच घेऊन एकनाथरावांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. एकनाथरावांनी काच भिंगातून पाहिली.

“चूक सर्व्हिस बुकात लिहावी लागेल, कुसुमताई. मग शिफारस मला करता यायची नाही.”

“लिहा, साहेब. पण ही धुऊ देऊ नका.”

इथे राहणाऱ्यांची यादी लागली. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं.

“तुला गप्प बसता आलं नसतं का, आई?” प्रमिलाने विचारलं.

आलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं. कुसुमताई तिची पुस्तकं ट्रंकेत भरत राहिल्या.