न उठणारं मशीन

“घरून काम म्हणे! मशीन बंद, मुलगी पलंगावर.”

काकू हे सरांना म्हणाल्या, पण माझ्याशी बोलून झाल्यावर त्यांचा फोन कट झाला नव्हता, त्यामुळे बोरिवलीत मलाही ऐकू आलं. मी पलंगावरच बसले होते, हे खरं. आमच्याकडे टेबलाला जागा नाही.

घाटकोपरला आमच्या सरांचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस. तिथल्या जुन्या कर्मचारी म्हणजे काकू. सगळ्या ग्राहकांची खाती मागच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर. त्याला ना स्क्रीन, ना समोर माणूस. मी घरून इंटरनेटवरून त्यात शिरून काम करायचे. शनिवारी अपडेट आले की त्याने आपणहून बंद होऊन परत सुरू व्हायचं. दसऱ्यापासून तो बंद तेवढा नीट व्हायचा.

मी सेटिंग्ज बदलून दमले. दुरुस्तीवाला मशीन उचलून न्यायचा, तर दुकानात पहिल्या झटक्यात सुरू! परत आणलं की पुढच्या अपडेटपर्यंत ठणठणीत, मग पुन्हा ठप्प. मी फोनवर नुसतं “सॉरी सर” म्हणायचे.

त्या सोमवारी सर म्हणाले, “आज सुरू झालं नाही तर उद्यापासून रोज इथे यायचं.”

बोरिवली ते घाटकोपर, रोज! मी लगेच निघाले. ऑफिसात पोचून शेजारच्या टेबलावरचा स्क्रीन मशीनला जोडला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली: लावलेली डिस्क काढा.

कुठली डिस्क? मी टेबलाखाली शिरले. मशीनच्या पाठीला एक पेन ड्राइव्ह, त्याला हळदकुंकू.

“ए, हात नको लावूस हां!” काकू धावत आल्या. “दसऱ्याला पूजा करून लावलंय मी ते. आत स्तोत्र आहे. दृष्ट लागते गं मशीनला. दुकानात नेताना काढून ठेवते, परत येऊन सुरू झालं की लगेच लावते.”

“तरी बंद पडतंच ना?” सर म्हणाले.

“नसतं लावलं तर काय झालं असतं, विचार करा!”

सुरू होताना मशीन आधी पेन ड्राइव्हमध्ये डोकावत होतं आणि तिथेच अडकत होतं. हे मला इंग्रजीत छान समजलं. मराठीत, काकूंच्या तोंडावर कसं सांगायचं, ते आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

“मग, उद्यापासून येतेस ना?” सरांनी विचारलं.

मी टेबलाखालून बाहेर आले.

“नाही सर. काकू, मशीन उठल्या उठल्या तुमच्या देवापाशी जाऊन बसतं, कामावर येतच नाही. देवाला तुमच्या टेबलावर घ्या.”