आईच्या आवाजातली दुपारची झोप

इस्राएलातल्या आमच्या ओफाकिम गावी बाळांच्या दवाखान्यातली नर्स रशियातून आलेली. हिब्रू बोलायची ती पण तोंडात खिळे धरून सुतार बोलतो तशी. माझ्या तीन वर्षांच्या भावाला काट्यावरून उतरवून म्हणाली, "मूल वाढत नाहीये. ह्या वयात बारा तास झोप लागते, दुपारची धरून."

आईला हिब्रू अर्धंच कळायचं. मी मराठीत सांगितलं, त्याच खिळेवाल्या आवाजात. आईने डोळे वटारले. "बारा तास? आपल्या घरात सगळ्यांचे मिळून होत असतील."

खोटं नव्हतं. पप्पा वारल्यापासून पगार एकच. पहाटे कापडाच्या कारखान्याची व्हॅन खाली हॉर्न द्यायची, आई निघायची, भाऊ जागा व्हायचा तो परत झोपायचाच नाही. संध्याकाळी ती आल्यावर तर कशाला झोपतोय? आईने उशिराची शिफ्ट मागून बघितली. साहेब म्हणाला, "गेटवर कामाला आलेल्यांची रांग बघितलीस का?" बघितली होती.

उरली दुपार. दोन ते चार आमच्या बिल्डिंगीत चिडीचूप. शटर खाली, कोणी चेंडू आपटला तरी वरून बाया ओरडणार. अख्खं गाव घोरायचं, आमचं शेंबडं सोडून.

"ए माकडे," आई मला म्हणाली, "माझ्या नकला करून मैत्रिणींना हसवतेस ना? मग त्याच्यासाठी कर. माझ्यासारखी अंगाई म्हण."

शाळेतून आले की शेजारच्या मावशीकडून मी त्याला आणायचे, निजवायचे, दार लोटून बाहेर बसायचे आणि आई व्हायचे. आईला अंगाईच्या दोनच ओळी यायच्या. पुढे नुसतं हूं-हूं, मधे मधे खोकला. कापसाची धूळ जायची ना छातीत. मी खोकल्यासकट म्हणायचे. पहिल्याच दिवशी गडी गार! मी कॉलर ताठ करून गप्प झाले, तसा उठून बाहेर आला. माझ्या मागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, बाथरूममध्ये बघितलं. आई नाही. मग जो भोंगा लावला! रोज हेच. गाणं चालू तोवर झोप, थांबलं की शोधाशोध. माझा घसा बसला, काटा होता तिथेच.

एका शुक्रवारी आईला लवकर सोडलं. शनिवारी शब्बाथ, सुट्टी आणि चूल बंद, म्हणून त्याचा स्वयंपाक आधीच उरकून ती भर दुपारी त्याच्याशेजारी आडवी झाली. खोकला दाबून दाबून, अगदी गोड गायली.

"लो काखा," तो म्हणाला. असं नाही. मराठीला हिब्रूत उत्तर, ही त्याची पद्धत.

"मग कसं रे बाळा?"

त्याने दाराकडे बोट केलं.

"जा बाई," आई मला म्हणाली, "खरी आई बाहेर बसते म्हणे."

मी बाहेर बसून सुरू केलं. हूं-हूं, खोकला. हूं-हूं, खोकला.

आतून आई म्हणाली, "एवढी खोकते मी?"

"अहो, नाटकात जरा वाढवून करावं लागतं हो," मी मावशीच्या आवाजात म्हणाले. वाढवलेलं काही नव्हतं. आई हसली नाही. मी पुढे गात राहिले.

थोड्या वेळाने दार उघडलं. भाऊ. डोळे लालबुंद. "ईमा येशेना," कुजबुजला. आई झोपली.

आई भिंतीकडे वळून तोंड उघडं टाकून पडलेली, एका पायात चप्पल तशीच. पलंग तो एकच. त्याला परत घालायचं तर तिला सरकवायला हवं, म्हणजे उठवायलाच हवं. रविवारी पहाटे व्हॅन तर येणारच होती.

मी दार ओढलं, त्याला मांडीवर घेतला आणि हळूच हूं-हूं सुरू केलं. पण आता खोकला काही मला काढवेना, आणि खोकल्याशिवाय त्याला ती आई वाटेना. मान टाकायचा, दचकून सावरायचा आणि माझा गाल ओढत राहायचा.