मज्जेपर्यंत पोहोचलेला निरोप

हुपरीतील पैंजण कारागीर सुनंदा यांचे सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता कोल्हापुरातील एका रुग्णालयात निधन झाले. वय एकसष्ट. कारण न्यूमोनिया. रक्तस्राव नव्हता, हे वेगळे नोंदवावे लागते. कारण अकरा वर्षे घरच्यांना भीती होती ती फक्त रक्तस्रावाची. ती माझी मामेबहीण. वयाने मोठी, म्हणून आक्का. मी कोल्हापुरात वर्तमानपत्रात नोकरी करतो, म्हणून तिच्या तोंडी माझे नाव ‘पेपरवाल्या’.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या पायांवर बारीक लाल ठिपके उठले आणि कुठे मार लागला नसताना दंडावर काळेनिळे डाग आले. तपासणीत प्लेटलेट निघाल्या अकरा हजार. असायला हव्यात किमान दीड लाख. गल्लीत बातमी पसरली ती ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ अशी, आणि दोन दिवसांत घरात पपईची पाने आणि किवी येऊन पडले. डॉक्टरांनी समजावले, या पांढऱ्या पेशी नव्हेत, रक्त गोठवणाऱ्या आहेत आणि हा डेंगीही नव्हे. शरीराची संरक्षण यंत्रणाच या पेशींना परके समजून मारते, आणि बहुतेक मारामारी पोटात डावीकडे असलेल्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत होते. आजार जुनाट. स्टेरॉइडने आकडा चढायचा, डोस कमी केला की उतरायचा. दोन वर्षांपूर्वी तो नऊ हजारांवर आला तेव्हा डॉक्टरांनी दोनच वाटा ठेवल्या. नवी गोळी, नाहीतर ऑपरेशन करून पानथरी काढणे. गोळीला मुदत सहा आठवडे.

आक्काला ऑपरेशन नको होते. “आतलं काय बी काढायचं न्हाय,” तिने दवाखान्यातच जाहीर केले. “मी पैंजणातली एक कडी काढली तर गिऱ्हाईक घेतंय का?”

मी सोबत होतो. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढली. यकृत रोज एक संप्रेरक सोडते. प्लेटलेट भरपूर असल्या की त्या ते वाटेतच शोषून घेतात. कमी असल्या की ते जास्त उरते, हाडातल्या मज्जेपर्यंत पोहोचते आणि मज्जा नव्या पेशी करू लागते. आक्काच्या शरीरात मात्र पेशी मारल्या जाताना त्यांना चिकटलेले संप्रेरकही संपत होते. तुटवडा एवढा, पण मज्जेला पुरता कळतच नव्हता.

“म्हंजे निरोप्यालाच वाटंत गिळत्यात व्हय?” आक्का खुर्चीतून पुढे सरकली. “आणि ही गोळी?”

“ती थेट मज्जेचं दार वाजवते,” डॉक्टर म्हणाले.

“मग तिला म्हणावं, जोरात वाजव. आत समदी बहिरी हैत.”

डॉक्टर मोठ्याने हसले. उपाशीपोटी घ्या, म्हणाले. त्यानंतर दर सोमवारी अकरा वाजता, नेमकी पेपरातली आमची बैठक सुरू असताना, तपासणीतला आकडा सांगायला तिचा फोन यायचा. अकरा. दहा. बारा… पुन्हा दहा. हजारांत. चौथ्या आठवड्यानंतर शल्यविशारदांकडे ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवण्यात आली.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी मी हुपरीला मुक्कामी होतो. सकाळी म्हशीची धार काढून झाली. आक्काने गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्याभर कोमट दूध एका दमात संपवले.

“आक्का, उपाशीपोटी सांगितलंय ना?”

“उपाशीपोटीच हाय की! कण खाल्ला न्हाय.”

“आणि हे दूध?”

“पेपरवाल्या, एकादशीला दूध चालतंय का न्हाय? मग उपास मोडला कुठं?”

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी एवढेच विचारले, “किती दूध?” तांब्याभर, मी सांगितले. मग ते म्हणाले, दुधातले कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवते. ती रक्तात फारशी उतरतच नाही. गोळी आणि दूध यांत चार तासांचे अंतर हवे होते. चार आठवड्यांहून जास्त निरोप पोटातच अडकला होता. डॉक्टरांनी मुदत दोन आठवड्यांनी वाढवली. आक्काने सुनेला बजावले, “धा वाजल्याबिगर दुधाचं भांडं माझ्या नजरंला पडू देऊ नको.” गोळी सहाला.

आठवडाभराने, सोमवारी फोन आला, “एकोणीस!” मी बैठकीतून उठून बाहेर आलो. त्याच्या पुढच्या सोमवारी अकराची वाट न पाहता मीच दहापासून मोबाइल हातात धरून होतो. अकरा वाजून सहा मिनिटांनी वाजला. “चव्वेचाळीस! चव्वेचाळीस हजार, पेपरवाल्या! वाजलं बघ दार!” मागे सून, मुलगा, शेजारच्या दोन बायका, सगळे एकदम बोलत होते. मी तो आकडा बैठकीत जाऊन मोठ्याने सांगितला. कोणाला संदर्भ माहीत नव्हता. तरी टाळ्या पडल्या. त्याच दुपारी ऑपरेशनची तारीख रद्द झाली. पुढच्या महिन्यात आकडा एक लाखाजवळ गेला. आक्का मुलाच्या गाडीवरून जोतिबाला जाऊन आली आणि गुलालाने माखलेला अहवाल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

गोळी शेवटपर्यंत चालू होती. न्यूमोनियासाठी दाखल केले त्या दिवशी प्लेटलेट ब्याण्णव हजार होत्या. त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी झाली. तिच्या अहवालातील तिसरी ओळ अशी : पानथरी जागेवर, आकार सामान्य.