नोटिशीचा नियम

आमची वस्ती शहरातल्या महाल भागाच्या मागल्या अंगाला, नाल्याकाठी होती. वस्तीची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे, कारण आवाज मोठा आणि अक्षर बरं. शेजारच्या घरात माझा मित्र राहायचा. त्यांच्या आणि आमच्या घरात मिळून एकच भिंत. पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र तो फिरवायचा. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही दोघांनी एक खेळ काढला.

खेळ अवकाशातला. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर ताऱ्यांचा नकाशा, आणि कोणत्या ताऱ्यावर कुणाची किती जहाजं ते पेन्सिलीने. इकडे आम्ही, तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जरीपटका वस्तीतले आमच्यासारखेच काही कार्यकर्ते. चाली पोस्टकार्डाने. परदेशात दोन गावांतली कॉम्प्युटरं तारेने जोडून असले खेळ खेळतात, असं मित्राच्या मामेभावाने सांगितलं होतं. आमच्याकडे पोस्टमन होता.

पहिल्याच डावात जरीपटक्याने आमचा मोठा तारा नेला. कार्ड हातात पडलं तोवर तारा गेलेलाही होता. मी खवळलो. ज्याची जागा त्याला कळायलाही नको? नवा नियम लिहिला, तो पत्रकासारखाच उतरला : 'पूर्वसूचनेशिवाय केलेला हल्ला हा हल्ला नव्हे, दरोडा आहे!' हल्ला करायचा तर आधी नोटिशीचं कार्ड. त्यानंतर दोन चाली तो तारा पडणार नाही. तेवढ्या वेळात मालकाने दुसरीकडची जहाजं आणून उभी करावीत. वेळ मिळाला की माणसं जमतात, माणसं जमली की जागा टिकते. सभेतही मी हेच बोलायचो.

नियम सगळ्यांना पटला. मग सगळे नोटिसा द्यायचे, सगळे जहाजं जमवायचे, आणि हल्ला कोणीच करेना.

"एक तारा हलून नाही राह्यला बे," मित्र म्हणाला. "हा लढाईचा खेळ होय का भजनी मंडळ?"

"जागा वाचून राह्यल्या ना?"

"वाचल्या. मजा मेली ना पण."

मग एका सकाळी वस्तीच्या नळाजवळच्या खांबावर महापालिकेची खरी नोटीस चिकटली. आठवड्याच्या आत जागा खाली करा. आम्ही मोर्चा नेला, साहेबाच्या टेबलापुढे ओरडलो, आणि त्याने महिनाभराची मुदत दिली. लगेच दिली. मी पत्रक काढलं : 'पहिला विजय!'

विजयाच्या दुसऱ्याच दिवशी टोकाच्या घरावरचे पत्रे उतरले. घरं पाडणारं पथक आलं की सामान जप्त करतं, म्हणून त्या माणसाने स्वतःच पत्रे काढून हातगाडीवर रचले. त्याच्या बायकोचं माहेर मौद्याचं, तिकडे निघाले होते. मी धावत गेलो.

"काहून काढून राह्यले? महिना आहे आपल्याजवळ!"

"महिना आहे म्हनूनच काढतो गा."

"आणि जप्त झाले त नवे तू देशील काय?" बाई म्हणाली.

एक घर उतरलं की शेजारच्याची भिंत उघडी पडायची, मग तोही पत्रे उचकटायला सब्बल आणायचा. असं घरामागून घर आमच्याकडे सरकत आलं. मी रोज सभा लावायचो. ऐकायला येणारे कमी होत गेले. मित्राची आई उमरेडला भावाकडे जायचं म्हणाली, तेव्हा तो माझ्याकडे न बघता बोलला, "भिंत राहू देतो तुमच्यासाठी. वासे तेवढे काढतो."

शेवटी बाबांनी दाराला हात घातला. सागाचं दार. वस्तीत तसं दुसरं नव्हतं.

"बाबा, पथक येईल तेव्हा आपण आत बसू. दार लावून."

"कोन कोन बसते?"

त्यांनी दार उचलून बिजागरीवरचा भार कमी करायला सांगितलं. मी उचललं.

ठरल्या दिवशी पथक आलं. मी फलक घेऊन उभा होतो. घोषणा दिली, मागून कोणी उचलली नाही. साहेब हसतमुख होता. "काम तर तुम्हीच करून ठेवलं," म्हणाला. उरलेल्या भिंती मजुरांनी पाडल्या, मित्राच्या आणि आमच्या घरामधलीही. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली. तो आला नाही. धूळ बसल्यावर मी फलकाची काठी वेगळी काढली, चांगली होती म्हणून.

आता आम्ही भाड्याच्या खोलीत आहोत. खोलीला तिचं स्वतःचं दार आहे. आमचं भिंतीला टेकवून ठेवलं आहे.

मागच्या आठवड्यात मी जरीपटक्याला नियमाची दुरुस्ती कळवली. उद्गारचिन्ह न घालता लिहिली : नोटीस लागल्यावर ज्याचा तारा आहे त्याने दर चालीला आपलं एक जहाज आपल्या हाताने उचलून घ्यावं.

काल त्यांचं कार्ड आलं. 'नियम समजला नाही. आपलंच जहाज आपण काहून उचलू? असं कोणी करते काय?'

उत्तरासाठी कोरं कार्ड आणलं आहे. त्यावर पत्ता लिहून झाला आहे.