अण्णाचं एकही उत्तर चुकलं नाही

अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलताना बोटांना त्यांचा तेलकट वास लागला की साठच्या दशकातली, कानडी मुलखातल्या बसवनगुडीतली ती हिवाळ्यातली दुपार आठवते. थोरला भाऊ, आमचा अण्णा, अमेरिकेहून सुट्टीवर आला होता; परत जाऊन तिथल्या नागरिकत्वाची परीक्षा द्यायची, म्हणून पुस्तक बरोबरच आणलं होतं. ओसरीवर आई, अण्णा आणि मी शेंगा सोलत होतो आणि मी मांडीवरच्या पुस्तकातून इंग्रजीत प्रश्न विचारत होते. पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, वसाहती इंग्रजांशी का लढल्या, अण्णा धडाधड सांगत होता. आईला इंग्रजी कळत नसे, पण प्रत्येक उत्तरानंतर ते बरोबर आलं का, हे ती कानडी शब्द मिसळून मला विचारी, "सरी सांगितलं का गं त्यानं?" मी हो म्हटलं की तिचा चेहरा फुले. मग प्रश्न आला: जन्मभूमीवरची निष्ठा सोडायला तयार आहात का? अण्णा माझ्याकडे न बघता "येस" म्हणाला. "सरी सांगितलं?" आईनं विचारलं. "हो आई, अगदी सरी." तिनं कौतुकानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळी शेजारच्या अक्कांना म्हणाली, "माझ्या लेकाचं एकही उत्तर चुकलं नाही." आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले, तरी ते वाक्य आठवलं की घरात एकटी असतानाही माझी मान खाली जाते.